मार्क ट्वेन : दिवाळं निघालेल्या लेखकाने आपली पत परत कशी मिळवली



मार्क ट्वेन म्हटलं की आपल्याला टॉम सॉयर आठवतो. कुंपण रंगवायची शिक्षा मिळाली तर तेच काम मजेचं आहे असं भासवून दुसऱ्या पोरांकडून करून घेणारा खट्याळ मुलगा. वर्गात लेखकाची ओळख करून देताना आपण जन्म, गाव, पुस्तकं, मृत्यू एवढं सांगतो आणि धड्याकडे वळतो. आज मात्र त्यांच्या आयुष्यातली १८९४ ते १८९८ ही वर्षं जरा निवांतपणे बघू या. जगभर नाव झालेला हा माणूस या काळात कर्जबाजारी झाला, त्याचं दिवाळं वाजलं आणि त्याने पै न् पै फेडली. मधल्या काळात तो आपल्या मुंबईतही येऊन गेला.

आधी थोडक्यात पूर्वायुष्य. खरं नाव सॅम्युअल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात. बालपण मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबल गावात गेलं. ११ वर्षांचे असताना वडील वारले. घरची परिस्थिती ओढगस्तीची, त्यामुळे लवकरच छापखान्यात उमेदवारी सुरू झाली. खिळे जुळवायचं काम. (नव्या पिढीच्या शिक्षकांसाठी : पूर्वी एकेक अक्षराचा शिशाचा खिळा उचलून ओळ तयार करावी लागे, ते काम करणारा तो जुळारी.) पुढे ते मिसिसिपीवर आगबोटीचे पायलट झाले. मार्क ट्वेन हे टोपणनावही तिथलंच. पाणी दोन वाव म्हणजे १२ फूट खोल आहे, बोट सुखरूप जाईल, अशी ती खलाशांची आरोळी. मग पत्रकारिता, प्रवासवर्णनं, 'टॉम सॉयर' (१८७६), 'हकलबेरी फिन'. १८७० मध्ये ऑलिव्हिया लँगडन यांच्याशी लग्न झालं. घरात त्यांना लिव्ही म्हणत. कोळशाच्या व्यापाऱ्याची ही मुलगी, माहेर श्रीमंत. हार्टफर्ड गावात मोठं घर बांधलं, तीन मुली झाल्या. सगळं छान चाललं होतं.

मग पैसे गेले कुठे? ट्वेन हे लिहिण्यात जेवढे हुशार तेवढेच गुंतवणुकीत भोळे होते. नवं यंत्र, नवी कल्पना दिसली की खिसा मोकळा. त्यातलं सगळ्यात महागात पडलं ते जेम्स पेज नावाच्या संशोधकाचं खिळे जुळवायचं यंत्र. स्वतः जुळारी म्हणून राबलेल्या माणसाला या यंत्राची भुरळ पडली तर नवल नाही. १८ हजार सुटे भाग असलेलं हे यंत्र चाललं की डोळे दिपत, पण चालायचं क्वचित. पेज सारखे त्यात सुधारणा करत राहिले आणि ट्वेन सारखे पैसे देत राहिले. असे दोन लाख डॉलरच्या आसपास त्यात गेले. तोपर्यंत लायनोटाइप हे दुसरं यंत्र बाजारात आलं होतं. त्यात शिशाचा रस ओतून अख्खी ओळ एकदम तयार व्हायची. कमी नखरे, जास्त काम. स्पर्धा तिथेच संपली होती, पण ट्वेन यांच्या ते गळी उतरायला वेळ लागला. पेज यांचं एक यंत्र आज हार्टफर्डच्या त्याच घरात, संग्रहालयात ठेवलेलं आहे.

दुसरा खड्डा होता त्यांची स्वतःची प्रकाशनसंस्था, चार्ल्स एल. वेबस्टर आणि कंपनी. तिची सुरुवात मात्र झोकात झाली होती, आणि तिथला एक प्रसंग सांगितलाच पाहिजे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जनरल ग्रँट १८८४ मध्ये एका भागीदाराच्या लबाडीमुळे पार धुळीला मिळाले. त्यातच घशाचा कर्करोग. कुटुंबाच्या हाती काहीतरी राहावं म्हणून त्यांनी मरणाच्या दारात बसून आठवणी लिहायला घेतल्या. दुसरे प्रकाशक नेहमीचं मानधन द्यायला तयार होते. ट्वेन यांनी मात्र नफ्यातला मोठा वाटा देऊ केला आणि शब्द पाळला. जुलै १८८५ मध्ये ग्रँट गेले. त्यांच्या पत्नीच्या हाती आलेला पहिला धनादेश २ लाख डॉलरचा होता. एका बुडालेल्या माणसाची अब्रू ट्वेन यांनी अशी वाचवली होती. नऊ वर्षांनी तीच वेळ त्यांच्यावर आली.

ग्रँट यांच्या पुस्तकानंतर कंपनीचे अंदाज चुकत गेले. पोपच्या चरित्राकडून फार अपेक्षा होत्या, ते तेवढं खपलं नाही. हप्त्याने विकायचे मोठमोठे संच काढले. छपाईचा खर्च आज आणि वसुली वर्षानुवर्षे. कंपनी चालू ठेवायला बँकेचं कर्ज, लिव्हींच्या वारशाचे पैसे, सगळं ओतलं. १८९१ मध्ये घर बंद करून कुटुंब युरोपात गेलं, कारण तिथे राहणं स्वस्त पडायचं. १८९३ मध्ये अमेरिकेत आर्थिक मंदी आली, बँका धडाधड बंद पडू लागल्या, नवीन उसनवार मिळेना. एप्रिल १८९४ मध्ये कंपनीने हात वर केले. जवळपास शंभर जणांचं मिळून सुमारे १ लाख डॉलरचं देणं होतं. त्यात बँक होती, कागदवाले होते, छपाईवाले होते.

इथे हेन्री रॉजर्स यांचं नाव येतं. स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य कंपनीतले हे बडे अधिकारी. धंद्यात कठोर म्हणून बदनाम, पण ट्वेन यांच्या पुस्तकांचे चाहते. आदल्या वर्षीच ओळख झालेली. त्यांनी ट्वेन यांचा सगळा हिशेब हातात घेतला, फुकट. त्यांनी काय केलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. कंपनीला सगळ्यात जास्त उसने पैसे खुद्द लिव्हींनी दिले होते, साठ हजार डॉलरच्या वर. तेव्हा रॉजर्स यांनी लिव्हींनाच पहिल्या हक्काच्या सावकार ठरवलं आणि ट्वेन यांच्या पुस्तकांचे हक्क त्यांच्या नावावर केले. सावकार चिडले, साहजिकच आहे. पण रॉजर्स यांचं गणित साधं होतं. त्या मंदीत पुस्तकांचे हक्क लिलावात काढले असते तर मातीमोल गेले असते. तेच हक्क लेखकाच्या घरात राहिले आणि लेखक लिहिता राहिला, तर आज ना उद्या सगळ्यांचेच पैसे निघणार होते. दुभती गाय खाटकाला विकून उधारी फिटत नाही, हे आपल्या गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

कायद्याची बाजूही बघा. तेव्हा अमेरिकेत देशभर लागू असा दिवाळखोरीचा कायदाच नव्हता. तो १८९८ मध्ये आला. जे काही व्हायचं ते राज्याच्या कायद्याने आणि सावकारांशी तडजोड करून. डॉलरमागे अर्धा डॉलर घेऊन मोकळं करायला बरेच जण तयार झाले असते. मालमत्ता वाटून दिली आणि तडजोड झाली की माणूस सुटला. यात काही पाप नाही, आणि आज कोणी कायद्याचा असा आधार घेतला तर त्याला नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. लिव्हींना मात्र ते पटेना. पूर्ण रक्कम द्यायची, हा आग्रह मुळात त्यांचा. रॉजर्स यांनीही लेखकाच्या बाबतीत हेच शहाणपणाचं मानलं, कारण व्यापारी नवं दुकान नव्या नावाने टाकू शकतो, लेखकाकडे विकायला त्याचं एकच नाव असतं.

आपल्या मराठीत यासाठी किती नेमका शब्द आहे, पत. पतपेढीतली पत तीच आणि गावातली पतही तीच. हल्ली कर्ज मागायला गेलं की आधी सिबिल बघतात, म्हणजे आकड्यात मांडलेली पत. तो आकडाही पुढे वेळेवर भरलेल्या एकेका हप्त्यानेच सुधारतो, दुसरा जवळचा रस्ता नाही.

तर पैसा उभा कसा करायचा? पुस्तकाला वेळ लागतो. ट्वेन यांना हमखास पैसा देणारं एक काम येत होतं, व्यासपीठावर उभं राहून लोकांना हसवणं. त्यांना ते मनापासून आवडत नव्हतं, दगदग नकोशी झाली होती. तरीही साठीला टेकलेल्या या माणसाने जगाची फेरी ठरवली. जुलै १८९५ मध्ये क्लीव्हलंडहून सुरुवात झाली तेव्हा पायाला मोठं गळू झालेलं, धड उभं राहवत नव्हतं. सोबत लिव्ही आणि मधली मुलगी क्लारा. थोरली सूझी आणि धाकटी जीन मावशीकडे राहिल्या. ऑगस्टमध्ये जहाजावर चढण्यापूर्वी ट्वेन यांनी वर्तमानपत्रातून जाहीर केलं की चार वर्षांत सगळ्यांचं देणं पूर्ण देईन. असं छापून आल्यावर मागे फिरायची सोय राहत नाही, हे त्यांना कळत असणारच.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, श्रीलंका करत जानेवारी १८९६ मध्ये ते मुंबईला उतरले. मुक्काम काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात. खोकल्याने इतकं बेजार केलं की काही दिवस अंथरुणात गेले. मग नॉव्हेल्टी थिएटरमध्ये कार्यक्रम झाले. हॉटेलच्या खिडकीत येऊन बसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी पुढे पुस्तकात जे लिहिलंय ते वाचून हसू आवरत नाही. पण त्याच हॉटेलात नोकराच्या तोंडात मारलेली बघून त्यांना आपल्या बालपणीची गुलामगिरी आठवली, तेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

एक योगायोग सांगायचा मोह होतो. वॉटसन हॉटेलपासून जवळच राजाबाई टॉवर आहे. तो ज्यांच्या देणगीतून उभा राहिला ते प्रेमचंद रायचंद हेही १८६५ मध्ये असेच कोसळले होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सट्टा वाढला, युद्ध संपलं आणि सगळा डोलारा खाली आला. प्रेमचंदही पुढे सावरले. मुंबईला ही गोष्ट नवीन नव्हती.

मुंबईनंतर बडोदा, अलाहाबाद, काशी, कलकत्ता, दार्जिलिंग, पुढे दक्षिण आफ्रिका. जमलेला पैसा रॉजर्स यांच्याकडे जात होता. खर्च वजा करून आपण आधी हौस भागवू, असं झालं नाही. जुलै १८९६ च्या शेवटी इंग्लंडला पोचले. आता मुलींना बोलावून घ्यायचं होतं. तेवढ्यात सूझी आजारी असल्याची तार आली. लिव्ही आणि क्लारा लगेच बोटीने निघाल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्टला सूझी मेंदूज्वराने गेली. वय २४. हार्टफर्डच्या त्याच घरात. ट्वेन इंग्लंडमध्ये एकटेच होते, त्यांना तारेने कळलं. ते कुटुंब त्या घरात पुन्हा कधीच राहिलं नाही.

तरी देणं राहिलंच होतं. लंडनमध्ये, कुणाला न भेटता, ट्वेन प्रवासाचं पुस्तक लिहीत बसले. 'फॉलोइंग द इक्वेटर' हेच ते पुस्तक. त्यातला विनोद वाचताना मला नेहमी हे आठवतं की तो सूझीनंतरच्या महिन्यांत लिहिलेला आहे. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्यांच्यासाठी मदतनिधी सुरू केला. ट्वेन यांचं मन क्षणभर डळमळलं, ते हो म्हणाले. लिव्ही ठाम नाही म्हणाल्या. मग ट्वेन यांनी तो निधी बंद करायला लावला आणि देणगीदारांना पैसे परत गेले. त्याच वर्षाच्या शेवटी पुस्तक आलं आणि चांगलं खपलं. १८९८ च्या सुरुवातीला रॉजर्स यांनी उरलेल्या सावकारांचे पैसे चुकते केले. चार वर्षांची मुदत घेतली होती, अडीच वर्षांत काम झालं. १९०० मध्ये ट्वेन अमेरिकेत परतले तेव्हा लोकांनी त्यांचं स्वागत एखाद्या जिंकून आलेल्या सेनापतीसारखं केलं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक बुडालेल्या माणसाला रॉजर्स भेटत नाही आणि प्रत्येकाच्या बोलण्यावर जगभर तिकिटं खपत नाहीत. मुलांना सांगताना आपण नुसती जिद्द जिद्द करतो आणि हे गाळतो. वर्गात ज्यांच्या वडिलांनी कर्जापायी शेत किंवा रिक्षा गमावली आहे अशी मुलंही बसलेली असतात. त्यांना आपले वडील कमी जिद्दीचे वाटू नयेत.

आणि हो, पैसे फिटल्यावर ट्वेन शहाणे झाले का? फारसे नाही. व्हिएन्नात राहत असताना विणकामाच्या एका नव्या यंत्रावर त्यांचा जीव जडला, ते रॉजर्स यांनी वेळीच थांबवलं. पुढे प्लाझमन नावाच्या दुधाच्या भुकटीत पैसे घातले आणि गमावले. फरक एवढाच की आता हिशेब बघणारा माणूस शेजारी होता. १९०४ मध्ये लिव्ही गेल्या. १९०९ च्या मे महिन्यात ट्वेन रॉजर्स यांना भेटायला न्यूयॉर्कला आले, तर स्टेशनवर क्लारा उभी होती. रॉजर्स त्याच सकाळी गेले होते. वर्षभरातच, २१ एप्रिल १९१० ला, ट्वेनही गेले.

सहावी-सातवीच्या मुलांना 'फॉलोइंग द इक्वेटर'मधला कावळ्यांचा भाग मराठीत सांगून बघा, दहा मिनिटांत होतो. वरच्या वर्गांना ग्रँट यांच्या पुस्तकाची गोष्ट जास्त भावेल. नफ्यातला वाटा म्हणजे काय आणि ठरावीक मानधन म्हणजे काय, हे शेकडेवारीच्या तासालाही घेता येतं.