सलग शतकं ठोकणारा सांगलीचा गडी : विजय हजारे

विजय हजारे ट्रॉफी सुरू झाली की गावोगावची पोरं मोबाईलवर स्कोअर बघत बसतात. कुणी किती मारले, कोण आयपीएलला लागणार, याची चर्चा पारावर रंगते. पण ज्यांच्या नावानं ही ट्रॉफी आहे ते हजारे कोण, असं विचारलं तर दहातले आठ गप्प. काहींना तर ते मुंबईचे वाटतात, काहींना बडोद्याचे. बडोद्याचे ते झाले, पण नंतर. जन्म आपल्या सांगलीचा, ११ मार्च १९१५ चा.

पूर्ण नाव विजय सॅम्युअल हजारे. मराठी ख्रिस्ती कुटुंब, वडील शाळामास्तर, घरात आठ भावंडं. मास्तरांच्या पगारात आठ पोरं वाढवायची म्हणजे काय, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला नको. क्रिकेट तेव्हा राजेरजवाड्यांच्या आश्रयावर चालायचं. चांगला खेळाडू दिसला की एखादा संस्थानिक त्याला पदरी ठेवायचा, नोकरी द्यायचा. हजारेंचंही तसंच झालं.

आता एक गोष्ट जत तालुक्यातल्या वाचकांनी मुद्दाम वाचावी. १९३० च्या दशकाच्या शेवटी जत संस्थानात क्लॅरी ग्रिमेट नावाचे ऑस्ट्रेलियन गोलंदाज शिकवायला आले होते. साधासुधा माणूस नव्हे. कसोटी क्रिकेटमध्ये दोनशे बळी घेणारा जगातला पहिला गोलंदाज. दुष्काळी म्हणून ज्याची ओळख, त्या जतमध्ये हा माणूस राहून गेला. त्यांच्या हाताखाली हजारे शिकले.

हजारेंची उभं राहायची पद्धत जरा विचित्रच होती. बॅट दोन्ही पॅडच्या मधोमध धरायचे, हात आवळलेले. बघणाऱ्याला वाटायचं, हा काय मारणार? दुसरा कुणी शिकवणारा असता तर आधी ते मोडून काढलं असतं. ग्रिमेट यांनी ते तसंच राहू दिलं. माझ्या मते हजारेंच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा उपकार हाच. पोरगं वेगळ्या पद्धतीनं पण नीट काम करत असेल तर त्याला छेडू नये, एवढं शहाणपण सगळ्या मास्तरांकडं नसतं.

त्यानंतर धावांचा पाऊसच सुरू झाला. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राकडून खेळताना बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६. त्या वर्षी प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं रणजी ट्रॉफी जिंकली. पुढं ज्या बडोद्याला हाणलं त्याच बडोद्यानं त्यांना आपल्याकडं नेलं.

डिसेंबर १९४३ चा किस्सा तर ऐकण्यासारखा आहे. मुंबईत तेव्हा धर्मावर आधारित संघांची पंचरंगी स्पर्धा व्हायची. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि उरलेल्यांचा एक संघ. हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. फायनल हिंदूंविरुद्ध. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. हजारेंचा संघ पहिल्यांदा १३३ ला गुंडाळला गेला. त्यातले ५९ हजारेंचे. दुसऱ्यांदा खेळायला आले आणि संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेंनी काढले! भाऊ विवेक हजारे समोर उभे होते. दोघांनी मिळून ३०० ची भागीदारी केली, त्यात विवेक यांच्या धावा २१. भाऊ एक बाजू धरून बसला आणि दुसऱ्यानं शेत नांगरून काढलं. सामना तरीही एक डाव आणि ६१ धावांनी हरले.

हे ‘तरीही हरले’ लक्षात ठेवा. हजारेंच्या गोष्टीत ते पुन्हा पुन्हा येतं.

एवढं सगळं करून देशाकडून कसोटी खेळायला मिळालं कधी? १९४६ मध्ये, लॉर्ड्सवर. वय ३१. मधली वर्षं दुसऱ्या महायुद्धानं खाल्ली. आजकाल ३१ वर्षांच्या खेळाडूला निवृत्ती कधी म्हणून विचारतात, यांची तिथं सुरुवात होती.

मग आला १९४७-४८ चा ऑस्ट्रेलिया दौरा. देश नुकताच स्वतंत्र झालेला, फाळणीच्या जखमा ओल्या. मर्चंट आणि रुसी मोदी हे दोन मोठे फलंदाज दौऱ्यावर नव्हते. समोर डॉन ब्रॅडमन यांचा संघ, लिंडवॉल आणि मिलर यांच्यासारखे वेगवान गोलंदाज. हेल्मेट कुणी पाहिलंही नव्हतं. तिथं तेव्हा एक षटक आठ चेंडूंचं असायचं, म्हणजे लिंडवॉलचे सहा खेळून काढले तरी आणखी दोन शिल्लक. पहिल्याच कसोटीत, ब्रिस्बेनला, आपला संघ ५८ आणि ९८ धावांत आटोपला होता.

चौथी कसोटी ॲडलेडला, २३ जानेवारी १९४८ पासून. ॲडलेड म्हणजे ग्रिमेट यांचं गाव. जतमध्ये शिकवणाऱ्या गुरुजींच्या घरच्या मैदानावर चेला उतरला.

ऑस्ट्रेलियानं ६७४ केले. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. ब्रॅडमन यांचा त्रिफळा उडवला तो हजारेंनीच. सिडनीला १३ वर आणि इथं २०१ वर, असा त्या मालिकेत दोनदा. फलंदाज म्हणून नाव झालं, त्यामुळं त्यांची गोलंदाजी लोक विसरले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर ५९५ बळी आहेत.

आपली फलंदाजी आली आणि १३३ वर पाच गेले. तिथून हजारे आणि कोल्हापूरचे दत्तू फडकर यांनी १८८ जोडले. फडकर १२३, हजारे ११६. दक्षिण महाराष्ट्राच्या दोन गड्यांनी ऑस्ट्रेलियात शतकं ठोकली, याचं कौतुक आपण अजून नीट केलेलं नाही. डाव ३८१ वर संपला. फॉलोऑन मिळाला, लगेच पुन्हा खेळायची पाळी.

उसाच्या भाषेत सांगायचं तर पहिलं शतक म्हणजे लागण आणि दुसरं म्हणजे खोडवा. जमीन तीच, पण कस उतरलेला असतो. अंग थकलेलं, गोलंदाजांना आता तुमची खोड कळलेली, आणि मन म्हणत असतं की आपलं काम झालं. शतक मारणारे ढीगभर, पण लागोपाठच्या डावात पुन्हा मारणारे कमी, ते यामुळं.

दुसऱ्या डावात तर धावफलकावर एकही धाव नसताना दोन गडी बाद. मंकड शून्य, कर्णधार लाला अमरनाथ शून्य. हजारे येऊन उभे राहिले. एका बाजूनं माणसं जात होती, सहा बाद १३९ झाले. मग हेमू अधिकारी यांना घेऊन त्यांनी १३२ जोडले. अधिकारी ५१ वर थांबले, हजारेंचे झाले १४५, आणि मग शेपूट लगेच गुंडाळलं. एकूण २७७. त्यात सहा जणांच्या नावापुढं शून्य! लिंडवॉलनं ३८ धावांत सात घेतले. भारत एक डाव आणि १६ धावांनी हरला. पण एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतक काढणारा पहिला भारतीय म्हणून सांगलीच्या मास्तरांच्या पोराचं नाव लागलं.

सामना २८ जानेवारीला संपला. ३० तारखेला दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. देश शोकात बुडाला, क्रिकेटचं कुणाला काय पडलं होतं?

पुढचा मोसम वेस्ट इंडिजचा, आपल्या देशात. त्यांच्या एव्हर्टन वीक्स यांनी त्या काळात सलग पाच कसोटी डावांत पाच शतकं मारली, सहाव्यांदा मद्रासला ९० वर धावबाद झाले. तो विक्रम आजही टिकून आहे. त्याच मालिकेत हजारेंनी ५४३ धावा काढल्या, हे मात्र कमी लोकांना माहीत. मुंबईत फॉलोऑन मिळाल्यावर नाबाद १३४ काढून सामना वाचवला. फेब्रुवारी १९४९ च्या शेवटच्या कसोटीत, पुन्हा मुंबईतच, ३६१ चं लक्ष्य होतं. हजारेंनी १२२ काढले. आपण ८ बाद ३५५ पर्यंत पोचलो आणि शेवटच्या षटकाचा एक चेंडू बाकी असताना पंचांनी बेल्स उचलल्या. सहा धावा कमी पडल्या. देशाचा पहिला कसोटी विजय हातातून निसटला.

मग पावणेतीन वर्षं भारताला कसोटीच नव्हती. एखाद्याचा सूर गेला असता. नोव्हेंबर १९५१ मध्ये इंग्लंडविरुद्ध दिल्लीत कर्णधार म्हणून हजारे उतरले आणि नाबाद १६४ काढले. पुढच्याच डावात मुंबईत १५५. म्हणजे १२२, नाबाद १६४ आणि १५५, असे सलग तीन कसोटी डाव आणि तीन शतकं. मध्ये पावणेतीन वर्षांचा खंड, पण सूर तोच. तुरीचं बी डब्यात राहिलं आणि पुढच्या सालीही तेवढंच उगवलं, असं म्हणा.

दिल्लीच्या शतकाबद्दल टीकाही झाली, ती लपवण्यात अर्थ नाही. मर्चंट यांनी १५४ काढून भारतीय विक्रम केला, तो हजारेंनी त्याच डावात मोडला. पण खेळ फार संथ झाला आणि जिंकण्यासारखा सामना अनिर्णित राहिला, असं जाणकारांनी लिहिलं. मलाही ते पटतं. हजारे स्वभावानं सावध, बुजरे. आक्रमक कर्णधाराचा पिंड नव्हता. पण ज्यानं आयुष्यभर पडझडीत एक बाजू धरून ठेवली त्याच्याकडून अचानक धाडस मागणं हेही जरा जास्तच.

आणि पहिला विजय मिळाला तोही त्यांच्याच कर्णधारपदाखाली. फेब्रुवारी १९५२, मद्रास. विनू मंकड यांनी सामन्यात बारा बळी घेतले, पंकज रॉय आणि पॉली उम्रीगर यांची शतकं, इंग्लंड एक डाव आणि आठ धावांनी हरलं. १९३२ पासून वाट बघत होतो आपण, वीस वर्षं.

त्याच वर्षी इंग्लंडला गेल्यावर लीड्सला शून्यावर चार बाद झाले होते. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा वेगवान गोलंदाज सुटला होता. तिथंही फडकर ६४, हजारे ५६. पुन्हा तीच दोघं.

१९५३ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यानंतर कसोटी थांबली. ३० कसोटी, २१९२ धावा, सात शतकं, सरासरी ४७.६५. कसोटीत हजार धावा करणारे पहिले भारतीय तेच. प्रथम श्रेणीत १८,७४० धावा आणि ६० शतकं. बडोद्याकडून गुल महंमद यांच्याबरोबर १९४७ च्या रणजी फायनलमध्ये केलेली ५७७ ची भागीदारी २००६ पर्यंत जगात कुणाला मोडता आली नाही. १९६० मध्ये पद्मश्री मिळाली. शेवटपर्यंत बडोद्यातच राहिले, गाजावाजा न करता. १८ डिसेंबर २००४ रोजी कर्करोगानं गेले, वय ८९.

ॲडलेडनंतर दुसऱ्या भारतीयानं एका कसोटीत दोन शतकं काढायला २३ वर्षं लागली. ते सुनील गावसकर, १९७१ मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनला. नंतर राहुल द्रविड आणि आणखी काही जणांनी ते केलं. २०१४ मध्ये विराट कोहलीनं केलं ते नेमकं ॲडलेडलाच. हजारेंचे ११६ आणि १४५, कोहलीचे ११५ आणि १४१. सामना भारत त्याही वेळी हरला, ४८ धावांनी.