डॉ. टी. आर. गोविंदाचारी

सह्याद्रीच्या सदाहरित रानांत नरक्या नावाचे एक लहानसे झाड वाढते. महाबळेश्वर, आंबोली या भागांत ते आढळते. त्याच्या फुलांना दुर्गंधी येते. त्यामुळे अंगणात हौसेने ते कोणी लावीत नाही. परंतु या उपेक्षित झाडाच्या पोटी कर्करोगाच्या पेशी मारणारे द्रव्य दडलेले आहे, हे १९७२ साली मुंबईतील एका प्रयोगशाळेने दाखवून दिले. त्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते डॉ. तुतिकोरिन राजगोपालाचारी गोविंदाचारी.

गोविंदाचारी यांचा जन्म ३० जुलै १९१५ रोजी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स या विख्यात रसायनज्ञाच्या हाताखाली त्यांनी संशोधन केले. मायदेशी परतल्यावर ते आपल्याच कॉलेजात अध्यापक झाले. आपल्या देशातील वनस्पतींत कोणती द्रव्ये आहेत, याचा शोध घेण्याचे व्रत त्यांनी घेतले. हे काम मोठे चिकाटीचे असते. झाडाची साल किंवा मुळी कुटावी, तिचा अर्क काढावा, त्यातून एकेक द्रव्य वेगळे करावे आणि मग त्याच्या रेणूची रचना उलगडावी, असा तो क्रम. दम्यावर गुणकारी मानल्या गेलेल्या दमवेलीतील द्रव्यांची रचना त्यांनी अशीच उलगडली. १९६० साली रसायनशास्त्रातील पहिले भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले.

१९६३ साली मुंबईजवळ गोरेगाव येथे सिबा कंपनीचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याची धुरा गोविंदाचारी यांनी स्वीकारली. त्याच सुमारास अमेरिकेत एका चिनी वृक्षाचा अभ्यास चालू होता. चीनमध्ये त्याला शी शू, म्हणजे आनंदवृक्ष म्हणतात आणि तेथील लोकवैद्यकात त्याचा उपयोग होत असे. मनरो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी त्या वृक्षातील कॅम्टोथेसिन या द्रव्याची रचना १९६६ साली प्रसिद्ध केली. हेच द्रव्य गोविंदाचारी आणि त्यांचे सहकारी विश्वनाथन यांना नरक्यात सापडले. नरक्या आणि आनंदवृक्ष यांची कुळे वेगळी. तरी दोघांच्या अंगी एकच औषध होते, आणि नरक्यात त्याचे प्रमाणही चांगले होते.

परंतु दैवाचा खेळ असा, की याच काळात त्या द्रव्याचे रुग्णांवरील प्रयोग थांबवावे लागले. औषध कर्करोगाला मारी, पण रुग्णालाही फार पीडा देई. ते शरीरात नेमके काय करते, हे तेव्हा उमगले नव्हते.

ते कोडे १९८५ साली सुटले. प्रत्येक पेशीत आनुवंशिक द्रव्याचा दुपदरी दोरा असतो. पेशी दुभंगण्यापूर्वी त्या दोऱ्याची नक्कल व्हावी लागते. तेव्हा दोऱ्याला जादा पीळ पडतो. टोपोआयसोमरेज नावाचे एक प्रथिन दोऱ्याचा एक पदर कापते, पीळ सैल करते आणि तो पदर पुन्हा जोडते. कॅम्टोथेसिन त्या कापलेल्या जागी पाचरीसारखे बसते आणि पदर जुळू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळते, दोरा पुरता तुटतो आणि पेशी मरते. कर्करोगाच्या पेशी सारख्या दुभंगत असतात. म्हणून हा घाव त्यांना अधिक बसतो. शरीरातील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशीही त्यात सापडतात. रुग्णांना त्रास होतो तो त्यामुळेच.

पुढे रसायनज्ञांनी मूळ रेणूत फेरफार करून इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही औषधे तयार केली. १९९० नंतरच्या दशकात ती मोठे आतडे, बीजांडकोश इत्यादींच्या कर्करोगावर वापरात आली. मग नरक्याला मोल आले, आणि त्या मोलानेच त्याच्यावर संकटही आणले. लाकडासाठी रानोमाळ कत्तल होऊन अनेक ठिकाणी तो दुर्मिळ झाला.

गोविंदाचारी पुढे मद्रासला परतले आणि उतारवयातही कडुनिंबातील द्रव्यांवर संशोधन करीत राहिले. २००१ साली त्यांचे निधन झाले. दुर्गंधीमुळे दूर सारलेल्या झाडाचे गुण त्यांनी पारखले. आता ते झाड रानात टिकवून धरण्याचे काम मागे राहिलेल्यांचे आहे.