पाचगणीच्या वसतिगृहातला फारोख

मैत्रिणींनो, क्रिकेटचा सामना रंगात आला की स्टेडियममध्ये अचानक एक ठेका सुरू होतो. दोनदा पाय आपटायचे आणि एक टाळी. धम-धम-टाळी, धम-धम-टाळी... हजारो माणसं एका तालात. आपल्या घरातली पोरंटोरंसुद्धा टीव्हीसमोर तोच ठेका धरतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात, कबड्डीच्या मैदानावर, मिरवणुकीतसुद्धा तो ऐकू येतो. पण हा ठेका जगाला देणाऱ्या बॅण्डचा गायक आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीत लहानाचा मोठा झाला, हे किती जणींना ठाऊक आहे?

त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी. आणि खरं नाव फारोख बुलसारा.

आडनावावरूनच ओळखलं असेल, पारशी कुटुंब. मूळ गाव गुजरातमधलं बलसार, म्हणजे आजचं वलसाड. आपल्या दिंडोरी-पेठ भागातल्या माणसाला वलसाड काही परकं नाही. नाशिकहून पेठ, धरमपूर करत रस्ता थेट तिकडेच उतरतो. फारोखचे वडील बोमी हे इंग्रज सरकारच्या नोकरीत होते, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर कोर्टात रोखपाल म्हणून. तिथेच ५ सप्टेंबर १९४६ रोजी फारोखचा जन्म झाला. आईचं नाव जेर. पुढे १९५२ मध्ये धाकटी बहीण झाली, काश्मिरा.

चांगल्या शाळेसाठी आईवडिलांनी लेकाला भारतात पाठवायचं ठरवलं. १९५५ साली, आठ वर्षांचा असताना, तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. आठ वर्षं म्हणजे तिसरीतलं पोर हो! आपली मुलं त्या वयात मामाच्या गावाला गेली तरी तिसऱ्या रात्री रडून घरी न्या म्हणतात. इथे तर मध्ये अख्खा समुद्र. बोटीचा कित्येक दिवसांचा प्रवास. आजच्यासारखा मोबाईल नाही, व्हिडिओ कॉल नाही. आईची खुशाली कळायची ती पत्रातून. छोट्या सुट्ट्यांमध्ये तो मुंबईच्या नातेवाइकांकडे जायचा. लतादीदींच्या आवाजाचा त्याच्यावर तेव्हाच संस्कार झाला, असं सांगितलं जातं. पन्नासच्या दशकातली मुंबई म्हणजे घराघरांतल्या रेडिओवर लताबाईच, त्यामुळे त्यात नवल ते काय!

शाळेत त्याला मित्रांनी फ्रेडी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव कायमचं चिकटलं. आणखीही एक नाव होतं, दातांवरून चिडवायचं. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जादा होते. त्यामुळे पुढचे दात बाहेर आले होते. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही हसताना तो चटकन तोंडावर हात न्यायचा, जुन्या चित्रफितींमध्ये आजही दिसतं. पैसा आल्यावर दात सरळ करून घेणं काही अवघड नव्हतं. पण त्याने ते केलं नाही. दात काढले तर आवाज बदलेल, ही भीती. दिसण्याचं दुःख त्याने जन्मभर सोसलं, पण आवाजाला धक्का लागू दिला नाही.

तो मुष्टियुद्ध खेळायचा, टेबल टेनिसमध्ये तर शाळेत पहिला होता. पण त्याच्यातलं खरं वेगळेपण हेरलं ते शाळेच्या मुख्याध्यापकांनी. या मुलाला संगीताचं अंग आहे, थोडी जादा फी भरून त्याला पियानो शिकवा, असं त्यांनी आईवडिलांना पत्राने कळवलं. आईवडिलांनीही मोडता घातला नाही. एका शिक्षकाचं एक पत्र... त्यावर केवढं पुढे उभं राहिलं बघा! १९५८ साली पाच मुलांनी मिळून शाळेतच एक बॅण्ड काढला. नाव ठेवलं ‘द हेक्टिक्स’. फ्रेडी पियानोवर असायचा. रेडिओवर ऐकलेलं इंग्रजी गाणं एकदा कानावरून गेलं की तसंच्या तसं वाजवायचा म्हणे.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. पण पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तिथे क्रांती झाली, कत्तली झाल्या. बुलसारा कुटुंब हाती लागेल ते घेऊन इंग्लंडला गेलं. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा होता. विचार करा, बलसारचं मूळ, झांजिबारचा जन्म, पाचगणीचं बालपण आणि लंडनच्या कडेला फेल्टममध्ये नव्याने मांडलेला संसार. कुठल्याच मातीत मूळ धरायला सवड नाही. त्याने लंडनमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेतलं, १९६९ साली पदविका मिळवली. पोटासाठी विमानतळावर सामान उचललं, बाजारात जुने कपडे विकायला बसला.

१९७० मध्ये तो ब्रायन मे आणि रॉजर टेलर या दोघांच्या जोडीला आला. ब्रायन खगोलशास्त्राचा विद्यार्थी. वडिलांच्या मदतीने त्याने घरातच, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून गिटार बनवली होती आणि तीच तो वाजवायचा. पुढच्या वर्षी जॉन डीकन येऊन मिळाला आणि चौघांचा ‘क्वीन’ हा बॅण्ड पुरा झाला. क्वीन हे नाव फ्रेडीनेच सुचवलेलं. बॅण्डचं बोधचिन्हही त्यानेच काढलं, चौघांच्या राशी घालून! आणि बुलसारा आडनाव बदलून त्याने मर्क्युरी केलं. आपल्या बालपणाविषयी, भारताविषयी तो पुढे फारसं बोललाच नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये परदेशी रंगाच्या माणसाला काय सोसावं लागायचं, ते पाहता त्याला दोष देववत नाही.

रॉक म्हणजे नुसता दणदणाट, असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. पण १९७५ सालचं ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ ऐकाच एकदा. सुरुवात अगदी संथ, अंगाईसारखी. एक मुलगा आईला आपला गुन्हा सांगतो आहे. मग मध्येच नाटक, समूहगान आणि शेवटी वादळ. त्या समूहगानासाठी तिघांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकावर एक चढवले. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं. एवढं लांब गाणं रेडिओ लावणार नाही, असं जाणत्यांनी सांगितलं होतं. ते इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

आणि १९८४ मधली एक गंमत सांगते. ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ या गाण्याच्या चित्रफितीत हे चौघेही बायकांच्या वेषात आहेत. फ्रेडी भरघोस मिशा तशाच ठेवून, आखूड स्कर्ट घालून घरात झाडलोट करतो आहे! इंग्लंडमध्ये लोक पोट धरून हसले, अमेरिकेत मात्र काहींना ते पचलं नाही. आपल्याकडे बालगंधर्वांचं नेसणं पाहून घरंदाज बायका शालू नेसायला शिकल्या, त्यामुळे पुरुषाने बाईचा वेष घेणं आपल्याला काय नवीन? मला मात्र ते गाणं बघताना हसूही येतं आणि गलबलतंही. घरकाम करता करता मोकळं व्हायचंय म्हणणारं माणूस कुठल्याही आळीतल्या बाईला कळतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्यांनीही हे गाणं आपलं मानलं होतं.

त्याची खरी ताकद दिसली १३ जुलै १९८५ रोजी. इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लंडनच्या वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’ हा कार्यक्रम झाला. सत्तर हजारांवर माणसं समोर, शिवाय शंभराहून जास्त देशांत टीव्हीवर. क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं. फ्रेडी एक तान घ्यायचा आणि सगळं मैदान तीच तान परत द्यायचं. आपल्याकडे कीर्तनात बुवांनी गजर घातला की अख्खा मंडप तो उचलून धरतो ना, अगदी तसं. त्या वीस मिनिटांत गाणारा आणि ऐकणारा असा भेदच उरला नाही. त्याच्या आवाजावर शास्त्रज्ञांनीसुद्धा अभ्यास केला. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्या आवाजातलं कंपन इतर गायकांपेक्षा जलद होतं, असं त्यात आढळलं. शास्त्र त्याला कंपन म्हणतं, ऐकणाऱ्याला ते काळजातलं थरथरणं वाटतं.

पण मैदान रिकामं झाल्यावर हा माणूस एकटाच असायचा. मेरी ऑस्टिन ही त्याची तरुणपणीची सखी. लग्न झालं नाही, कारण आपली ओढ पुरुषांकडे आहे हे त्याला उमगलं आणि ते त्याने तिच्यापासून लपवलं नाही. तरीही दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. आपलं लंडनमधलं घरही त्याने तिलाच ठेवलं. अखेरची वर्षं जिम हटन हा त्याचा जोडीदार त्याच्याबरोबर होता.

१९८७ मध्ये त्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं निदान झालं. त्या काळात यावर धड औषध नव्हतं आणि या आजाराची बदनामी मात्र आजारापेक्षा मोठी. फ्रेडी गप्प राहिला. वर्तमानपत्रवाले दारात बसून असायचे, त्याच्या ओढलेल्या चेहऱ्याचे फोटो छापायचे. तो मात्र गात राहिला. मे १९९१ मध्ये शेवटचं चित्रण झालं ते कृष्णधवल ठेवलं, अंगातला अशक्तपणा दिसू नये म्हणून. स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, तळ्याकाठच्या स्टुडिओत तो जमेल तेवढं गाऊन ठेवत होता. आपल्यामागे मित्रांनी ती गाणी पुरी करावीत म्हणून. त्यातलं शेवटचं गाणं ‘मदर लव्ह’, आईच्या मायेविषयीचं. शेवटचं कडवं राहिलं. जरा बरं वाटलं की गातो म्हणून गेला तो परत आलाच नाही. ते कडवं ब्रायन मेने गायलं. आठव्या वर्षी आईपासून दूर गेलेल्या मुलाचं शेवटचं गाणं हे असावं... काय म्हणायचं याला!

२३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आपल्याला एड्स असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघं ४५. पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या. अस्थी कुठे ठेवल्या ते फक्त मेरीला ठाऊक आहे, त्याचीच तशी इच्छा होती. त्यामुळे चाहत्यांना फूल वाहायला समाधी नाही. लंडनच्या त्याच्या घराच्या भिंतीवर लोक वर्षानुवर्षं पत्रं लिहून चिकटवत राहिले. माँत्रोला तळ्याकाठी १९९६ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, तिथे दर सप्टेंबरात वाढदिवसाला जगभरातून माणसं जमतात. २०१८ मध्ये त्याच्यावर सिनेमा निघाला आणि त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेली मुलंसुद्धा त्याच्यासाठी रडली. न पाहिलेल्या माणसासाठी कसं कोणी रडतं? मला वाटतं, आवाज हा माणसाचा असा भाग आहे जो वय लपवू शकत नाही, दुःखही लपवू शकत नाही. फ्रेडीने तोंडाने आजार सांगितला नाही, पण गाण्यात सगळं होतं. ज्यांनी आपलंही काही लपवलेलं आहे, त्यांना ते बरोबर ऐकू येतं.

गावोगाव बचत गटांच्या कामानिमित्त फिरताना मला हे लपवणं फार जवळून दिसलं. नवरा या आजाराने गेलेला, आणि घरात सुनेचं ताट-वाटी वेगळं ठेवलेलं. तिने माहेरीही सांगितलेलं नाही. तपासणीला जायची भीती, कोणी बघितलं तर? लंडनचा कोट्यधीश गायक आणि द्राक्षाच्या बागेत रोजाने जाणारी बाई, दोघांच्या गप्प बसण्याचं कारण एकच. लोक काय म्हणतील!

भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. ते शोधून काढण्यात डॉ. सुनीती सॉलोमन पुढे होत्या, मूळच्या गायतोंडे बरं का! फ्रेडी गेल्यावर पाचेक वर्षांतच, १९९६ च्या सुमारास, एकत्रित औषधांचा उपचार आला. आपल्याकडे एप्रिल २००४ पासून ही औषधं सरकार मोफत देतं. ती नियमित घेतली तर माणूस चांगलं, लांब आयुष्य जगतो. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतलं तर बाळाला लागण टाळता येते. २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णाशी भेदभाव करायला बंदी आहे, बाईला राहत्या घरातून बाहेर काढता येत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते आणि नाव गुप्त ठेवतात. १०९७ या क्रमांकावर फोन केला तर पैसे न पडता माहिती मिळते. हा क्रमांक आपल्या गटाच्या वहीवर लिहून ठेवा. कोणासाठी लागेल, सांगता येत नाही.

फ्रेडीच्या मित्रांनी त्याच्या आठवणीत १९९२ मध्ये मोठा कार्यक्रम केला आणि त्या पैशातून एड्सविरुद्ध काम करणारी संस्था उभी केली. ती आजही मदत करते.

पाचगणीला सहलीला गेलात, तर स्ट्रॉबेरी आणि टेबललॅण्डबरोबर सेंट पीटर्सच्या फाटकावरूनही एक चक्कर मारा. परदेशातून लोक विचारत विचारत तिथे येतात, मग आपण का नाही? आणि घरी मुलीच्या मोबाईलवर तिला त्याचं एखादं गाणं लावायला सांगा. शब्द नाही कळले तरी चालतील. आवाज ऐका. आणि गाणं संपलं की लेकीशी जरा बोला, ती काय काय मनात ठेवते ते विचारा.