माधवराव सप्रे : संपादक आणि त्याचा वाचक

जबलपूरच्या सराफ्याकडे जाताना कमानिया गेट लागते. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक म्हणून ते उभारलेले आहे. प्रस्तुत लेखक प्रथम तेथे गेला तो सोन्याचांदीच्या पेढ्या पाहावयास नव्हे. ज्या शहरात १९२० साली 'कर्मवीर' साप्ताहिक निघाले, त्याचा जुना बाजार पायी हिंडून पाहावा एवढाच हेतू होता. त्रिपुरीला लोटलेला समुदाय काही एका दिवसात तयार झालेला नव्हता. छापील शब्द वाचणारा, तो शेजाऱ्यास वाचून दाखविणारा आणि प्रसंगी त्याला उत्तर देणारा वाचक या प्रांतात घडविण्याचे काम आधीच्या चार दशकांत नियतकालिकांनी केले होते. या घडणीचा इतिहास ज्यांच्या चरित्रातून सर्वांत स्पष्ट दिसतो ते माधवराव सप्रे होत. नियतकालिक वाचकावर प्रभाव पाडते हे आपण नेहमीच म्हणतो. वाचक संपादकाला कसा बांधून ठेवतो हे मात्र सप्र्यांच्या आयुष्याकडे पाहिल्यावाचून नीटसे उमगत नाही.

सप्र्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घरची भाषा मराठी, भोवतालची हिंदी. शिक्षण बिलासपूर, रायपूर, जबलपूर, ग्वाल्हेर असे भटकत झाले. जबलपूरच्या रॉबर्टसन कॉलेजातही त्यांनी काही काळ काढला. बी. ए. झाल्यावर सरकारी नोकरीची वाट मोकळी असताना ती न धरता त्यांनी पेंड्राच्या राजकुमाराची शिकवणी पत्करली आणि त्या तुटपुंज्या मिळकतीच्या आधारावर जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक होते, वामनराव लाखे प्रकाशक. तिघेही मराठी भाषक, आणि मासिक हिंदी! बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणसाचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना ही गोष्ट आपल्याकडे बहुधा तळटीपेत ढकलली जाते, हे खेदाने नमूद करावे लागते.

'छत्तीसगढ मित्र' ज्या वाचकासाठी निघाले तो वाचक तेव्हा जवळजवळ अस्तित्वातच नव्हता. अरण्यमय मुलुख, विरळ शाळा, टपालही सावकाश. अशा ठिकाणी सप्र्यांनी बातमीपेक्षा ग्रंथपरीक्षणावर भर दिला. त्यांची दीर्घ परीक्षणे हिंदी समीक्षेच्या आरंभकाळातील महत्त्वाचे लेखन मानली जातात. १९०१ साली याच मासिकात आलेली त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा हिंदीतील पहिली कथा म्हणावी की नाही, यावर अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. आपल्या दृष्टीने त्या वादापेक्षा परीक्षणांचे मोल अधिक आहे. परीक्षण वाचकाला निवाडा करावयास शिकविते. एखाद्या ग्रंथाचा कस पाहावयास शिकलेला वाचक उद्या संपादकाचाही कस पाहणार, हे ओघानेच आले. मासिक तोट्यात चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले.

पुढे सप्रे नागपुरास आले. १९०६ मध्ये त्यांनी 'हिंदी ग्रंथमाला' काढली. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावरील त्यांची पुस्तिका सरकारने पुढे जप्त केली. १३ एप्रिल १९०७ रोजी 'हिंदी केसरी' निघाला. टिळकांच्या 'केसरी'तील लेख हिंदीत आणणे हा त्याचा मुख्य उद्देश होता. येथे तौलनिक अभ्यासकाला एक प्रश्न पडतो. मराठी 'केसरी'चा वाचक १८८१ पासून घडत आला होता. गणेशोत्सव, शिवजयंती, सभा, वादविवाद यांच्या संगतीत तो टिळकांचा अग्रलेख वाचीत असे. हिंदी वाचकापुढे अग्रलेख आला तो या सगळ्या परिसरावाचून. भाषांतर शब्दांचे करता येते. श्रोतृवर्गाचे कसे करणार?

सप्र्यांनी या प्रश्नाचे व्यवहारात जे उत्तर दिले ते त्यांच्या संपादकीय बुद्धीची साक्ष देते. 'हिंदी केसरी'ने १९०८ मध्ये राष्ट्रीय आंदोलन आणि बहिष्कार या विषयावर निबंधस्पर्धा जाहीर केली. म्हणजे ज्याने ऐकावयाचे त्यालाच बोलावयास लावले. पहिले पारितोषिक खंडव्याच्या एका तरुण शिक्षकाला मिळाले. त्याचे वय तेव्हा एकोणीसच्या आसपास होते आणि त्याचे नाव होते माखनलाल चतुर्वेदी. पत्राला किती वर्गणीदार लाभले याची मोजदाद करणे सोपे असते. पण पत्र वाचून एक माणूस लेखणी उचलतो, हा परिणाम कोणत्याही वहीत नोंदला जात नाही.

त्याच वर्षी आघात झाला. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि बरोबर महिन्याने, २२ ऑगस्टला, सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. नागपूरच्या 'देशसेवक'चे अच्युतराव कोल्हटकर यांनाही त्याच सुमारास अटक झाली. काही आठवड्यांनी सप्र्यांनी माफीपत्रावर सही केली व ते सुटले. वडील बंधूंनी प्राणत्यागाची धमकी देऊन त्यांना या सहीस भाग पाडले, असा वृत्तांत चरित्रकारांनी दिलेला आहे, आणि तो अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. तरी वाचकाला कारण दिसत नसते, कृती दिसते. ज्या पत्राने त्याला निर्भयतेचा पाठ दिला त्याच्याच संपादकाने क्षमा मागितली, एवढेच त्याच्यापर्यंत पोहोचले. निर्भर्त्सना झाली. तीत अन्याय होता हे मान्य करूनही असे म्हणावे लागते की हा वाचक सप्र्यांनीच घडविला होता. निष्क्रिय वाचकाने संपादकाकडे जाब मागितला नसता.

सप्र्यांना हा निवाडा मान्य होता. त्यांनी स्वतःला दिलेली शिक्षा सरकारी शिक्षेहून सौम्य नव्हती. त्यांनी वर्ध्याजवळच्या हनुमानगढीत श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषांचा आश्रय घेतला आणि वर्षभराहून अधिक काळ मधुकरी मागून काढला. काल ज्या समाजाला अग्रलेखातून उपदेश केला त्याच समाजाच्या दाराशी झोळी पसरून उभे राहावयाचे, यात केवळ वैराग्य पाहणे पुरेसे नाही. मुद्रणाने संपादक आणि वाचक यांच्यामध्ये जे अंतर निर्माण केलेले असते, ते येथे उंबरठ्याएवढे उरले. या साधनेतून 'दासबोधा'चा हिंदी अनुवाद जन्मला. पुढे टिळक मंडालेहून परत आल्यावर 'गीतारहस्य' हिंदीत आणण्याचे कार्य सप्र्यांकडेच आले व ते त्यांनी शीघ्र पूर्ण केले. चिंतामणराव वैद्यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचाही त्यांनी अनुवाद केला. स्वतःचा स्वर मागे ठेवून दुसऱ्याचा स्वर नव्या श्रोत्यांपर्यंत नेणे, हे अनुवादकाचे कर्म त्यांच्या तत्कालीन मनःस्थितीशी किती जुळणारे होते!

१७ जानेवारी १९२० रोजी जबलपूरहून 'कर्मवीर' निघाले. सप्रे आणि विष्णुदत्त शुक्ल त्याच्या मुळाशी होते, परंतु संपादकपदावर सप्रे बसले नाहीत. ते त्यांनी माखनलाल चतुर्वेदींकडे दिले. बारा वर्षांपूर्वी निबंध पाठविणारा वाचक आता संपादक झाला, आणि संपादक त्याचा पाठीराखा वाचक. अधिकाराची अशी स्वेच्छेने केलेली अदलाबदल आपल्या पत्रसृष्टीत विरळाच आढळते. (प्राध्यापकवर्गाविषयी येथे न बोललेले बरे.)

'कर्मवीर'ची कसोटी लवकरच लागली. सागरजवळ रतौना येथे मोठा कत्तलखाना काढण्याच्या सरकारी योजनेविरुद्ध त्याने १९२० च्या जुलैपासून मोहीम आरंभिली. अशा विषयाला त्या काळी धार्मिक तेढीचे वळण सहज लागले असते. तसे घडले नाही, याचे कारण पत्रात जेवढे होते तेवढेच श्रोतृवर्गात होते. जबलपूरच्या ताजुद्दीन यांच्या 'ताज' या उर्दू पत्राने योजनेस विरोध केला आणि सागरात अब्दुल गनी हे आंदोलनाच्या अग्रभागी राहिले. काही महिन्यांत सरकारने योजना मागे घेतली. सराफ्यासारख्या बाजारात, जेथे एक अंक दहा पेढ्यांवर फिरावा, तेथे हिंदी आणि उर्दू अशी दोन्ही पत्रे एकाच आठवड्यात एकच गोष्ट सांगत असतील तर ऐकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम बेरजेचा राहत नाही, गुणाकाराचा होतो.

१९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सप्र्यांना मिळाले. माफीपत्राला तेव्हा सोळा वर्षे लोटली होती. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. वय पंचावन्नही पूर्ण नव्हते. 'कर्मवीर' मधल्या काळात जबलपूरहून उठून १९२५ मध्ये खंडव्यास गेले होते, म्हणजे जेथून तो पारितोषिकाचा निबंध आला होता तेथेच. माखनलालजींनी तेथून ते पुढे अनेक वर्षे चालविले. भोपाळमध्ये १९८४ साली जुन्या वृत्तपत्रांचे संग्रहालय स्थापन झाले, त्याला सप्र्यांचे नाव दिलेले आहे. संशोधक तेथे बसून जुन्या पत्रांचे जीर्ण अंक चाळतात.