न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग

पौर्वात्य धर्मग्रंथांची जी इंग्रजी माला मॅक्स म्युलर यांच्या संपादकत्वाखाली ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध झाली, तिचे बहुतेक खंड युरोपीय पंडितांनी सिद्ध केलेले आहेत. १८८२ साली निघालेला आठवा खंड मात्र मुंबईतील एका तरुण वकिलाचा आहे. त्या खंडात श्रीमद्भगवद्गीता, सनत्सुजातीय आणि अनुगीता या तीन प्रकरणांचे भाषांतर आहे. भाषांतरकार काशिनाथपंत तेलंग यांनी नुकतीच तिशी ओलांडली होती, आणि दिवसाचा मोठा भाग त्यांना उच्च न्यायालयात पक्षकारांच्या कामी वेचावा लागत असे.

काशिनाथपंतांचा जन्म ३० ऑगस्ट १८५० रोजी मुंबईत एका मध्यम स्थितीतील गौड सारस्वत कुटुंबात झाला. चुलते त्र्यंबकराव यांनी त्यांस दत्तक घेतले. आरंभीचे शिक्षण मराठी शाळेत झाल्यावर ते एल्फिन्स्टन विद्यालयात गेले. तेथे त्यांची संस्कृतातील गती शिक्षकांच्या लगेच ध्यानी आली. एम्. ए. व एल्एल्. बी. या दोन्ही पदव्या त्यांनी विशीच्या आसपास संपादन केल्या, काही काळ संस्कृतचे अध्यापन केले, आणि १८७२ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला.

त्या काळी युरोपातील काही विद्वान आपल्या ग्रंथांचे मूळ परदेशात शोधू लागले होते. वेबर यांना रामायणात होमरच्या काव्याची छाया दिसली. लोरिन्सर यांना गीतेत ख्रिस्ती शास्त्राचे ऋण दिसले. अशा मतांनी आपल्याकडील पुष्कळ लोक संतापले. काशिनाथपंतांनी लेखणी उचलली. १८७३ मध्ये वेबर यांस आणि १८७५ मध्ये गीतेच्या पद्य भाषांतरास जोडलेल्या प्रस्तावनेत लोरिन्सर यांस त्यांनी जे उत्तर दिले, त्यात रागाचा एक शब्द नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे पूर्ण मांडावयाचे, मग एकेक प्रमाण तपासावयाचे, ही न्यायालयातील रीतच त्यांनी तेथे पाळली. आपल्या शास्त्रग्रंथांतील पूर्वपक्ष व सिद्धांत ही पद्धती तरी याहून वेगळी कोठे आहे?

श्रीमदाद्य शंकराचार्यांच्या कालनिर्णयाकडेही ते असेच वळले. ब्रह्मसूत्रभाष्यात पूर्णवर्मा नामक राजाचा उल्लेख येतो. चिनी यात्रेकरू ह्यू-एन-त्सँग यानेही मगधाच्या एका पूर्णवर्म्याविषयी लिहिले आहे. या दुव्यावरून त्यांनी आचार्यांचा काल इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या अखेरीस नेला. आज बहुतेक संशोधक आचार्यांस आठव्या शतकात ठेवतात, म्हणजे तेलंगांचे मत टिकले नाही. तथापि भाष्यातील एका नामाकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिले, ती दृष्टी भाष्य नित्य वाचणाऱ्यांनीही घेण्यासारखी आहे.

राजकारणात ते फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी यांचे जोडीदार होते. या तिघांच्या पुढाकाराने १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या वास्तूत भरले, आणि कायदेमंडळांच्या सुधारणेचा ठराव काशिनाथपंतांनी मांडला. संस्कृत पाठशाळेच्या छपराखाली देशाच्या राजकारणाचा हा आरंभ व्हावा, हा योग मोठा गोड आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाचे ते १८८४ पासून सभासद होते.

१८८९ मध्ये न्यायमूर्ती नानाभाई हरिदास निवर्तले आणि त्यांच्या जागी काशिनाथपंतांची नेमणूक झाली. उघड राजकारण सुटले. धर्मशास्त्राचा मार्ग मात्र आता अधिकच मोकळा झाला. गोमंतकातील वाचकास येथे एक भेद सांगितला पाहिजे. लाटंबार्से, डिचोली, पेडणे या बाजूस पोर्तुगीज अंमल होता आणि हिंदूंच्या रीतिरिवाजांसाठी १८८० सालचा स्वतंत्र हुकूमनामा होता. मुंबई इलाख्यात मात्र वाटणीचा तंटा मिताक्षरा व व्यवहारमयूख यांच्या आधारे सुटत असे, आणि न्यायासनावरील बहुतेक इंग्रज न्यायाधीशांस हे ग्रंथ भाषांतरातूनच ठाऊक असत. तेलंग ते मुळातून वाचीत.

आपाजी नरहर कुलकर्णी यांच्या दाव्यात ही गोष्ट स्पष्ट दिसली. बाप आपल्या भावांबरोबर अविभक्त असता, त्याची संमती नसताना पुत्रास वाटणी मागता येते काय, असा प्रश्न पूर्णपीठापुढे आला. बहुसंख्य न्यायाधीशांनी नकार दिला. तेलंगांनी भिन्न मत नोंदविले: मिताक्षरेप्रमाणे वडिलोपार्जित धनात पुत्राचे स्वत्व जन्मापासून असेल, तर ते मागण्याचा अधिकार बापाच्या इच्छेवर टांगता ठेवता येणार नाही. मुंबईत हे मत त्या दिवशी पडले. मद्रासच्या उच्च न्यायालयाने पुढे तेच उचलून धरले.

समाजसुधारणेविषयी त्यांचे धोरण असे, की जेथे विरोध कमी तेथून पुढे जावे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वादात ते सुधारकांच्या पक्षात उभे राहिले. असे असूनही आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आपल्या कन्येचा विवाह बालवयातच केला. घरच्या वडीलधाऱ्यांचे मन त्यांना मोडवले नाही, असे सांगतात. सुधारकांनी त्यांना बोल लावला, आणि तो अनाठायी होता असे म्हणता येत नाही. पोथीतील प्रमाण निर्भयपणे सांगणाऱ्या या पुरुषास माजघरातील शब्द ओलांडता आला नाही. त्यांच्या थोरवीचे वर्णन करताना हा प्रसंग गाळणे योग्य होणार नाही. त्यांनी स्वतः कोणत्याही ग्रंथातील अडचणीचे वचन गाळलेले दिसत नाही.

१८९२ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू झाले. त्याच सुमारास मराठ्यांच्या बखरींतून तत्कालीन समाजस्थिती काढून दाखविणारा एक निबंधही त्यांनी लिहिला. प्रकृती तोवर ढासळली होती. १ सप्टेंबर १८९३ रोजी, त्रेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असता, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या रिक्त न्यायासनावर महादेव गोविंद रानडे आले. रानड्यांचा मराठी सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० मध्ये छापला गेला, तेव्हा तेलंगांचा तो बखरींवरील निबंध त्याच्या शेवटी जोडण्यात आला.