जमशेटजींची नागपूरची गिरणी

टाटा म्हटले की आपल्याला पोलाद आठवते. मला मात्र सूत आठवते. माझे माहेर नागपूरचे, आणि आमच्या घरचा सारा दिवस एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर चाले.

जमशेटजी जन्मले ३ मार्च १८३९ रोजी नवसारीस, पारशी पुरोहितांच्या घराण्यात. वडिलांच्या पेढीत शिरून ते व्यापार शिकले. अमेरिकेतील यादवी युद्धाने मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आणले आणि १८६५ साली युद्ध संपताच ते धुळीस मिळवले. टाटांच्या पेढीलाही तो तडाखा बसला. पुढे १८६९ साली चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन त्यांनी ती कापडाची केली नि नफ्याने विकली.

सगळे मुंबईत गिरण्या बांधीत असताना हे गृहस्थ नागपुरास का आले? कापूस वऱ्हाडात पिकतो, कोळसा जवळ, आगगाडी दाराशी, हा त्यांचा हिशेब. १८७४ साली पंधरा लाखांच्या भांडवलाची कंपनी निघाली. जुम्मा तलावाजवळची दलदल भरून तेथे इमारत उठू लागली, तेव्हा दलदलीत पैसा ओतणारा माणूस म्हणून गावच्या सावकाराने त्यांना नाकारले म्हणतात! १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. पहिली यंत्रे हलकी निघाली. ती बदलावी लागली.

नवल मला पुढच्याचे वाटते. जुन्या यंत्रावर सूत आधी पिळायचे, मग गुंडाळायचे. रिंगच्या चातीवर दोन्ही कामे एकदमच होतात. लँकशायरवाले या चात्यांबाबत कचरत असता जमशेटजींनी त्या नागपुरात चालवून पाहिल्या. कामगार रोज कितीतरी संख्येने गैरहजर राहात. त्यांना दंडाचा बडगा न दाखवता त्यांनी १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू केला आणि १८९५ साली अपघाताची भरपाई. कायद्याने हे कोणावर बंधनकारक होण्याच्या कितीतरी आधी! घरधन्याच्या अपघाताने चूल विझलेल्या बायकांना त्याची किंमत कळेल.

१८८६ सालीच कुर्ल्याची एक मोडकळीस आलेली गिरणी घेऊन त्यांनी तिला स्वदेशी हे नाव दिले. तिने त्यांना बरीच वर्षे रडवले, पण त्यांनी ती सोडली नाही.

१९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचे निधन झाले. एम्प्रेस मिल १९८६ साली सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ साली बंद पडली.