सेवेला शिक्षणाची जोड देणाऱ्या कै. रमाबाई रानडे

घरातील एखादी लेक अथवा सून अकाली विधवा झाली, तर तिच्या पुढील आयुष्याचे काय, हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांपुढे उभा राहत असे. त्याचे उत्तरही ठरलेले असे. दिराच्या अथवा भावाच्या घरी तिने पहाटेपासून रात्रीपर्यंत राबावे आणि दोन वेळचे अन्न व अंगभर लुगडे मिळाले म्हणजे धन्यता मानावी. घर दयाळू असेल तर तिला कोणी टाकून बोलत नसे, एवढाच काय तो फरक. दया होती; परंतु त्या दयेने तिच्या हाताला कसब मिळत नव्हते आणि चारचौघांत मान वर करून बोलण्याचे धैर्यही मिळत नव्हते. ही उणीव ओळखून ती भरून काढण्यासाठी ज्यांनी आपले उत्तरायुष्य वेचले, त्यांत कै. रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या सुविद्य पत्नी, एवढीच त्यांची ओळख पुष्कळांना असते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. स्त्रियांना स्वावलंबी करणाऱ्या एका मोठ्या संस्थेच्या चालक, या नात्याने त्यांचे चरित्र या लेखात थोडक्यात सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलीच्या जातीला अक्षरओळख करून देण्याचा प्रश्नच नव्हता. १८७३ साली, वयाच्या ११ व्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. पती ३१ वर्षांचे, विद्वत्तेने सर्वत्र मान्यता पावलेले आणि पुण्यास न्यायखात्यात मोठ्या हुद्द्यावर असलेले. त्यांची प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने स्वतः विधवेशी विवाह करावा अशी सुधारकांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे काही चालले नाही. या गोष्टीवरून न्यायमूर्तींवर झालेली टीका सर्वश्रुत आहे व ती अनाठायी होती असेही म्हणता येणार नाही. मात्र जी अल्पवयीन मुलगी घरात आली, तिला अज्ञानात ठेवावयाचे नाही, असा त्यांनी निश्चय केला आणि लग्न होताच स्वतः तिच्या हाती पाटी-पेन्सिल दिली.

हे शिक्षण सुखाचे नव्हते. घरात वडीलधाऱ्या बायका पुष्कळ. सुनेने पुस्तक हाती धरणे त्यांना अमंगल वाटे. दिवसभर घरकाम, टोमणे आणि अबोला सोसावयाचा आणि वेळ मिळेल तेव्हा धडा गिरवावयाचा, असा रमाबाईंचा क्रम कैक वर्षे चालला. त्यांनी उलट उत्तर केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. मराठी पक्के झाल्यावर इंग्रजीचा आरंभ झाला.

पुढे न्यायमूर्तींची बदली नाशिकास झाली. तेथील हायस्कुलातील एका समारंभात प्रमुख पाहुण्या म्हणून रमाबाई प्रथमच लोकांपुढे उभ्या राहिल्या. ते पहिले भाषण न्यायमूर्तींनीच लिहून दिले होते. ही गोष्ट लहान दिसते, पण विचार करण्यासारखी आहे. आज ज्यांना आपण पुढारी म्हणून वंदन करतो, त्यांनाही पहिले चार शब्द कोणीतरी लिहून द्यावे लागले होते. सभेत बोलणे ही ईश्वरी देणगी नसून सरावाने साध्य होणारी विद्या आहे, हे रमाबाईंनी स्वानुभवाने जाणले.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्याच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या, तेव्हा घरचा रोष अधिकच वाढला. १८८४ मध्ये पुण्यास मुलींचे हायस्कूल निघाले, तेच आज हुजूरपागा या नावाने प्रसिद्ध आहे. त्या शाळेसाठी खटपट चालू असता गव्हर्नरसाहेबांपुढे भरलेल्या सभेत रमाबाईंनी इंग्रजीत निवेदन वाचून दाखविले. सभेत टाळ्या पडल्या, पण घरी आल्यावर जे ऐकून घ्यावे लागले ते त्या टाळ्यांहून पुष्कळ मोठे होते. पुढे ज्या शेकडो बायका त्यांच्याकडे शिकावयास आल्या, त्यांच्या मागे घरी काय वाढून ठेवलेले असते, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नव्हती.

१८९३ साली रानडे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि बिऱ्हाड मुंबईस गेले. तेथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब स्थापन केला. त्यात शिवणकाम, विणकाम हे वर्ग होतेच. शिवाय सभेत बोलण्याचाही वर्ग होता. हाताला काम आणि मुखाला वाणी या दोन्ही गोष्टी एकत्र शिकविण्याचा त्यांचा हा पहिला प्रयोग होय. सेवासदनाचे बीज येथेच आढळते.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाईंचे वय त्या वेळी ३८ वर्षांचे होते. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे एक वर्ष त्यांनी जवळजवळ एकांतवासात घालविले. त्यानंतर त्यांनी जी कामे हाती घेतली, ती पाहण्यासारखी आहेत. त्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांना भेटू लागल्या, चुकलेल्या मुलांसाठी असलेल्या शाळेत जाऊ लागल्या, इस्पितळातील रोग्यांना फळे, फुले व पुस्तके नेऊन देऊ लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९१० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी हे पुस्तक मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेच.

१९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल या दोन परप्रांतीय सज्जनांनी मुंबईस सेवासदन स्थापन केले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाईंकडे दिले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०९ मध्ये, रमाबाईंनी पुण्यास सेवासदन सुरू केले. पुढे ती संस्था स्वतंत्र झाली. या कामी त्यांना गोपाळ कृष्ण देवधर यांच्यासारखा सहकारी लाभला. देवधर हे नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजाचे आरंभापासूनचे सभासद. हिशेब, पत्रव्यवहार, वर्गणी आणि सरकारदरबार हा भार त्यांनी उचलला. घराघरांतून बायका आणणे, त्यांना धीर देणे व संस्थेवर लोकांचा विश्वास बसविणे हे काम रमाबाईंचे. आरंभीचे वर्ग रानडे यांच्या वाड्यातच भरत.

संस्थेचे काम कसे चाले, हे समजून घेणे आवश्यक आहे. अगदी निरक्षर अशा प्रौढ स्त्रीला प्रथम लिहिणे, वाचणे व हिशेब शिकवावयाचा. मग तिची आवड व कुवत पाहून तिला पुढचा मार्ग दाखवावयाचा. कोणी शिवण-भरतकामाच्या वर्गाला जाई, कोणी शिक्षिका होण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजात, कोणी रुग्णपरिचर्या अथवा सुइणीचे काम शिकण्यासाठी इस्पितळात. बाहेरगावच्या स्त्रियांसाठी वसतिगृहे होती. म्हणजे नुसते अन्नछत्र घालून संस्था थांबत नव्हती. आत आलेली बाई बाहेर पडताना स्वतःच्या कमाईवर उभी राहील, असा तिचा उद्देश होता.

या सर्वांत कठीण काम रुग्णपरिचर्येचे होते. आज परिचारिका ही प्रतिष्ठित मानली जाते. आपल्या मुली नर्सिंगची पदवी घेऊन देशपरदेशांत नोकऱ्या करतात. त्या काळी मात्र परक्याच्या देहाला हात लावावयाचा, मलमूत्र काढावयाचे, सोवळेओवळे गुंडाळून ठेवावयाचे, रात्रीची पाळी करावयाची आणि परपुरुषांच्या नजरेसमोर वावरावयाचे, या कल्पनेनेच भल्याभल्यांच्या अंगावर काटा येई. सुधारक म्हणविणारी घरेही याबाबत मागे हटत. ससून इस्पितळात आपल्या विद्यार्थिनी पाठवावयाचे सेवासदनाने ठरविले, तेव्हा त्यांच्या राहण्याची स्वतंत्र सोय करणे अगत्याचे झाले व ती करण्यात आली. रमाबाईंची राहणी साधी, आचार धार्मिक आणि बोलणे मृदू. त्यामुळे जे गृहस्थ सुधारणेच्या नावाने चिडत, तेही या बाईंच्या शब्दावर आपली विधवा बहीण अथवा सून तेथे पाठविण्यास धजावले. व्याख्यानांनी जे झाले नसते, ते या विश्वासाने झाले.

या संदर्भात एक आठवण सांगितली जाते. सेवासदनाच्या एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, तांबडे आलवण नेसलेली एक विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आली. प्रेक्षकांत बसलेल्या काही विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो केली. समारंभाच्या शेवटी रमाबाई बोलावयास उठल्या. एरवी शांत असणाऱ्या त्या बाईंनी त्या तरुणांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. आपल्याच समाजाच्या रूढीने जिची ही दशा केली, तिला हसणारे स्वतःला शिकलेले कसे म्हणवितात, आणि तीच स्त्री आपली बहीण अथवा आप्त असती तर काय वाटले असते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. सभागृह निःस्तब्ध झाले. त्या विद्यार्थिनीस बक्षीस कशाबद्दल मिळाले हे कोणी लक्षात ठेवले नसेल, पण भरसभेत तिची बाजू घेऊन संस्थेची प्रमुख उभी राहिली, हे तिच्या व तिच्याबरोबरच्या सर्वजणींच्या मनावर कोरले गेले असेल, यात संशय नाही.

रमाबाई विद्यार्थिनींना चार भिंतींत कोंडून ठेवीत नसत. आषाढी-कार्तिकीच्या सुमारास आळंदीस यात्रेला येणाऱ्या बायाबापड्यांच्या मदतीसाठी त्या सेवासदनाच्या स्वयंसेविकांना घेऊन जात. ज्या बाईने कालपर्यंत उंबरठा ओलांडला नव्हता, तिने यात्रेच्या गर्दीत चुकलेल्या म्हातारीला वाट दाखवावी व आजाऱ्याला औषध पाजावे, हे लहान शिक्षण नव्हे. १९१३ साली गुजरात व काठेवाडात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई स्वतः मदतकार्यास गेल्या. प्रस्तुत लेखकाने पस्तीसहून अधिक वर्षे अध्यापन केले आहे. वर्गातील मुकी मुलगी फळ्याजवळ उभी करून तिच्याकडे एखादी जबाबदारी सोपविली की दोन महिन्यांत ती बोलकी होते, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. रमाबाईंनी हाच न्याय प्रौढ स्त्रियांना लावला.

पुण्यातील सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद १९२० साली पेटला. पैसा अपुरा आहे, तेव्हा प्रथम मुलांना सक्ती करावी, मुलींचे पुढे पाहता येईल, असे म्हणणारा पक्ष मोठा होता. मुलींना वगळू नये म्हणून रमाबाईंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी मिरवणूक काढली. ११ वर्षांची असताना जिला अक्षर ठाऊक नव्हते, ती ५८ वर्षांची स्त्री आता शहरातील सगळ्या मुलींच्या अक्षरांसाठी रस्त्यावर उतरली होती. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मतदानाचा अधिकार मिळावा म्हणून चाललेल्या चळवळीतही त्या पुढे होत्या. १९२१ साली तो अधिकार मान्य झाला.

१९२४ मध्ये रमाबाईंचे देहावसान झाले. त्या वेळी पुणे सेवासदनाच्या निरनिराळ्या विभागांतून हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या. कित्येक संस्था संस्थापकाबरोबरच मावळतात. सेवासदन मावळले नाही. देवधरांनी १९३५ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, तिची धुरा वाहिली; सोलापूर, नागपूर यांसारख्या ठिकाणीही सेवासदन या नावाने कार्य उभे राहिले; आणि पुण्याची संस्था आजही चालू आहे. १९६२ साली, रमाबाईंच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रमाबाईंच्या कार्याला मर्यादा नव्हत्या असे नाही. त्यांनी रूढींवर थेट घाव घातले नाहीत. शक्य तेथे रूढी सांभाळून, तिच्या आडोशाने बायकांना पुढे नेले. त्यांच्याहून तडफदार स्त्रिया त्या काळी होत्या व त्यांचे कार्यही थोर आहे. परंतु हजारो साध्या घरांतील स्त्रियांना ज्या वाटेने जाणे शक्य होते, ती वाट रमाबाईंनी बांधली.

आपल्या ज्ञातिमंडळाच्या निधीतून गरजू भगिनींना व विद्यार्थ्यांना दरवर्षी साहाय्य दिले जाते, ही समाधानाची गोष्ट आहे. त्या साहाय्याचा काही भाग परिचर्या, शिवण, हिशेबलेखन, संगणक अशा कमाईच्या शिक्षणासाठी राखून ठेवता येईल काय. आणि शिकून तयार झालेल्या भगिनींपैकीच एक-दोघींकडे त्या निधीचा हिशेब व व्यवस्था सोपविता येईल काय, याचा विचार कार्यकारी मंडळाने व सभासद कुटुंबांनी येत्या वार्षिक सभेत अवश्य करावा. प्रथम त्यांना अडचण पडेल, चार शब्द लिहून द्यावे लागतील. ते आनंदाने लिहून द्यावेत.